आमची वाटचाल : रे रोडच्या हँड टेस्टरपासून कॉमन रेलच्या बेंचपर्यंत

रे रोड स्टेशनला उतरून दारूखान्याकडे चालायला लागलं की आधी गॅस कटरचा वास येतो आणि मग लोखंडावर घण पडल्याचा आवाज. जुनी जहाजं तोडायची ही जागा. साखळ्या, नांगर, प्लेटा, व्हॉल्व्ह, दोरखंड, जे जहाजातून निघेल ते इथं गल्लीत विकायला ठेवलेलं असतं. याच गल्लीत १९८८ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला आणि पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल फवारणाऱ्या भागांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे एक व्हाइस, नोझल हातानं दाब देऊन तपासायचा एक हँड टेस्टर आणि आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिकलेला हात.

सुरुवातीची गिऱ्हाइकं ट्रकवाली नव्हती, बोटवाली होती. भाऊच्या धक्क्यावरच्या आणि ससून डॉकच्या मच्छीमार बोटींना तेव्हा बहुतेक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं असायची. पावसाळी मासेमारी बंद झाली की बोटी किनाऱ्याला लागायच्या आणि नोझलची सहा-सहाची जुडी चिंधीत बांधून आमच्याकडे यायची. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं परत द्यायचं. जून-जुलैत आमच्या घरी कुणाचं लग्न ठरलं नाही, ते याच कारणानं.

अण्णांचं काम मी शाळेत असल्यापासून स्टुलावर बसून बघितलं. नोझल टेस्टरला लावायचा, हँडल हळू दाबायचं, दाबाच्या घड्याळाचा काटा दोनशे किलोच्या आसपास चढू द्यायचा. त्या दाबाला सुई उचलली पाहिजे. कमी दाबाला उचलली तर स्प्रिंगखाली शिम, म्हणजे चकती टाकायची, कागदाहून पातळ. फवारा सगळ्या भोकांतून सारखा आणि धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, एकही धार नको, आणि नंतर टोकाला थेंब लोंबता कामा नये. पण अण्णांची खरी परीक्षा आवाजाची. चांगला नोझल हळू दाबला की ‘चर्रर्र’ करतो, कारण सुई सेकंदाला कितीतरी वेळा सीटवर बसते आणि उठते. ‘हा बोलतोय’ म्हणाले की नोझल पास. मुका असला की परत लॅपिंगला, म्हणजे सुई आणि सीट घासून बसवायला. एक गोष्ट मात्र त्यांनी मला हँडल हातात देण्याआधी दहादा सांगितली होती : फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून सरळ आत घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट काळं पडायला लागतं. आजही दुकानात नवा मुलगा आला की पहिला धडा हाच.

आयटीआयचा मेकॅनिक डिझेलचा कोर्स करून १९९९ मध्ये मी दुकानात बसलो. तोवर धक्क्यावरचा मासा, मशीद बंदरचा किराणा आणि दारूखान्यातलं लोखंड वाहणाऱ्या छोट्या गाड्या वाढल्या होत्या. मुंबईत ‘पिकअप’ हा शब्द गाडीलाही आहे आणि गाडीच्या जोरालाही, आणि पिकअपवाल्याची तक्रार बहुधा एकच : ‘पिकअपला पिकअप नाही.’ टनाच्या गाडीत दोन टन भरायचे आणि घाटात तिसऱ्या गिअरला चढायला हवी. आम्हीही ते ऐकून घ्यायचो. पंपाचं डिझेल थोडं वाढवून द्यायचो, गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

२००८ ची गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय आमची वाटचाल सांगता येणार नाही. आमच्याच गल्लीतून लोखंडी प्लेटा भरून चाकणला जाणारा एक गाडीमालक आला. टर्बोचं, म्हणजे हवा दाबून भरणारं चार सिलिंडरचं इंजिन, फार जुनं नाही. त्याला खंडाळ्याचा घाट जोरात चढायचा होता. अण्णा गावाला गेले होते. मी त्याला मोठ्या भोकांचे नोझल टाकून दिले आणि पंपही वाढवून दिला. पूर्व द्रुतगती मार्गावर ट्रायल घेतली तेव्हा गाडी अशी सुटली की मलाच अभिमान वाटला. मागं काळा धूर होता, पण तो मी जोराची खूण समजलो.

एकवीस दिवसांनी ती गाडी टो होऊन आली. हेड उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक. कडेचं ॲल्युमिनियम मेणासारखं ओघळून परत थिजलेलं. अण्णांनी ते भोक अंगठ्यानं चाचपलं आणि एवढंच विचारलं, ‘हवा किती वाढवलीस?’ हवा मी वाढवलीच नव्हती. टर्बो तोच, ती हवा थंड करणारा इंटरकूलर तोच, फक्त डिझेल जास्त. जळायला हवा पुरली नाही की काही डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि उरलेलं उशिरापर्यंत जळत राहतं. घाटात लोड असताना हे पंधरा-वीस मिनिटं चाललं की एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. त्या इंजिनाचा सगळा खर्च आम्ही केला. तो गाडीमालक परत आला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. तो पिस्टन मी काउंटरमागच्या फळीवर ठेवला आहे. ‘मोठे नोझल टाका’ म्हणणाऱ्याच्या हातात आधी तो देतो, मग बोलणं सुरू करतो.

त्याच सुमाराला खालून जमीन सरकायला लागली होती. २००५ मध्ये मुंबईत गाड्यांच्या धुराचा बीएस-३ नियम आला, २०१० मध्ये बीएस-४, आणि दोन-चार वर्षांत दारात येणाऱ्या पिकअपच्या बॉनेटखाली जुना पंप दिसेना. त्या जागी दाबाचं डिझेल साठवणारी एक जाड नळी, तिला चार पाइप आणि प्रत्येक इंजेक्टरच्या, म्हणजे नोझल बसवलेल्या नळकांड्याच्या, डोक्यावर वायरीचा कनेक्टर. कॉमन रेल. अण्णांच्या टेस्टरवर दोनशे किलो, इथं रेलमध्ये फुल लोडला १६०० बार, म्हणजे जवळपास तेवढेच किलो. स्प्रिंग आणि शिम नाही, सुई कधी उचलायची ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, तेही मिलिसेकंदाच्या हिशेबात. मुख्य डिझेलच्या आधी एक-दोन घनमिलिमीटरचा छोटा फवारा मारतो, इंजिन खडखडू नये म्हणून. अण्णांचा कान या कामात उपयोगाचा राहिला नाही. त्यांनी ते उघड मान्य केलं, पण दोन महिने ते दुकानात फार बोलत नव्हते. आम्ही गाड्या परत पाठवत होतो. काही वर्षं फक्त बोटींवर आणि जुन्या ट्रकवर निघाली.

कॉमन रेलचे इंजेक्टर तपासायचं यंत्र, म्हणजे बेंच, घ्यायचं ठरलं तेव्हा आकडा ऐकून घरात शांतता पसरली. २०१६ मध्ये मुद्रा योजनेतून १० लाखांचं कर्ज घेतलं, उरलेले गावच्या जमिनीच्या वाटणीतून आले. पण बेंचपेक्षा मोठा प्रश्न आमच्या गल्लीचा होता. इंजेक्टरच्या आतल्या सुईची फट दोन-तीन मायक्रॉनची, आणि आमच्या दारात दिवसभर लोखंडाची भुकटी उडते. पांढरं फडकं सकाळी दाराला लावलं तर दुपारपर्यंत तांबूस होतं. म्हणून गाळ्याच्या आत दुसरी खोली बांधली : काचेची, दोन दारांची, एसी लावलेली. आत चप्पल नाही, कापसाचं बोळं नाही, गल्लीतले कपडे नाहीत. इंजेक्टर बाहेरच धुवायचा, तोंडं टोप्यांनी बंद करायची आणि मगच आत न्यायचा. शेजारचे लोखंडवाले बरेच दिवस तिला ‘आयसीयू’ म्हणायचे. मला ते नाव आवडलं, आम्हीही तेच वापरतो.

इंजेक्टर अपग्रेड म्हणजे आमच्याकडे काय, ते एका गाडीवरून सांगतो. माहूलच्या एका मावशींची पिकअप आहे. मुलगा चालवतो, पण मालक मावशी. पहाटे तीनला भाऊचा धक्का, तिथून बर्फ आणि मासळी घेऊन क्रॉफर्ड मार्केट. गाडी सकाळी सुरू व्हायला दहा-बारा सेकंद सेल्फ घ्यायची, थंडीत पांढरा धूर, आयडलला थरथर. कुणीतरी त्यांना मोठे इंजेक्टर सुचवले होते. मावशी आल्या त्याच म्हणत, ‘पोरा, काय नवीन टाकायचं ते टाक, पन बर्फ पानी व्हायच्या आत माझी गारी मार्केटात पोचली पायजे.’

आधी गाडीवरच रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, तपासला. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला चार बाटल्या लावून इंजिन चालू ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आलं तेव्हा दोन नंबरची बाटली गळ्यापर्यंत भरली. म्हणजे पंप रेलमध्ये दाब भरतो आणि हा एक इंजेक्टर तो आतल्या आत रिटर्नला सोडून देतो. सेल्फ मारताना रेलला पुरेसा दाबच मिळत नाही. मावशी वाकून त्या बाटल्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘ह्यो एकटाच पितोय व्हय?’ यापेक्षा सोपं मी आजवर कुणाला समजावलेलं नाही.

मग चारही बेंचवर. फुल लोडला तिघं दर फवाऱ्याला ५१ ते ५३ घनमिलिमीटर देत होते आणि दोन नंबर ६१. आयडलला तर जवळजवळ दुप्पट. ईसीएम प्रत्येक सिलिंडरला थोडं कमी-जास्त करून इंजिन सारखं चालवायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मावशींच्या गाडीला आम्ही मोठा नोझल टाकला नाही. कंपनीच्याच पार्ट नंबरचे चार नवे नोझल, चार नवे व्हॉल्व्ह सेट, आणि आयडल, मधला लोड, फुल लोड, छोटा फवारा अशा चारही ठिकाणी चौघं एकमेकांना जुळेपर्यंत बेंचवरून काढले नाहीत. त्याला पूर्ण दिवस गेला. बसवताना जुना तांब्याचा वॉशर खाली चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चनं बघायचं, कारण वॉशरवर वॉशर बसला की इंजेक्टर वर राहतो आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडण्याऐवजी भलतीकडे पडतो. बोल्ट टॉर्क पान्यानंच. पाइप नवे. शेवटी प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये भरायचा, नाहीतर नव्या इंजेक्टरला तो जुन्याच हिशेबानं डिझेल मोजतो.

इंजेक्टर खराब का झाला, हेही शोधायचं. मावशींच्या फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट उघडला तर आधी पाणी आलं, मग डिझेल. मुलगा टाकीत कॅनमधून भरायचा, आणि तो कॅन बोटीवर उघडा पडलेला असायचा. खाऱ्या पाण्याचे चार थेंब सुईला गंज चढवायला पुरतात. आता त्या गाडीचा फिल्टर आम्ही दर पंधरवड्याला निथळतो, त्याचे पैसे घेत नाही. सेल्फ पहिल्या झटक्याला लागतो. घाटाचं मला माहीत नाही, त्यांना घाट लागत नाही, पण वाटेतल्या पुलावर बर्फासकट गाडी गिअर न बदलता चढते असं मुलगा सांगतो. मोठ्या नोझलनं जो जोर मागतात, त्यातला बराचसा आपल्याच इंजेक्टरांत हरवलेला असतो.

तरीही रोज कुणीतरी विचारतं. त्यांना मी हेही सांगतो : बीएस-४ गाडीला पीयूसीत ५० एचएसयूची (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा आहे, जुन्यांना ६५, आणि मोठा नोझल ती पहिल्याच ॲक्सिलरेटरला ओलांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही, अपघात झाला तर विमा तिथंच अडतो. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. जास्तीचा काळा धूर त्यात साठतो, फिल्टर तुंबतो आणि गाडी स्वतःच जोर कमी करून घेते.

त्याच २०२० मध्ये टाळेबंदीत दुकान दोन महिने बंद होतं. उघडलं तेव्हा उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागली. अर्ध्या टाकीत ओल धरलेली, सुया अडकलेल्या. पुढच्या तीन महिन्यांत कर्जाचे थकलेले हप्ते भरून निघाले. त्याबद्दल आनंद मानावा की नाही हे मला तेव्हाही कळलं नाही.

आज आम्ही सहा जण आहोत. बेंच आमच्या पुतणीकडे असतो. तिनंही मेकॅनिक डिझेलच केलं, आणि चौघं जुळले नसताना ‘चालेल’ म्हणायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ती माझ्यापेक्षा शांतपणे नाही म्हणते. अण्णा अकराला येतात आणि बाहेरच्या खोलीत बोटींचे नोझल घेऊन बसतात. हँड टेस्टर तोच आहे, घड्याळ दोनदा बदललं.

पिकअपवाल्यांना एक विनंती : गाडी आणताना शेवटचं डिझेल कुठून भरलं आणि फिल्टर कधी बदलला ते आठवून या, आणि इंजेक्टर आधी कुणी उघडले असतील तर ते लपवू नका. जून-जुलैत बोटींची कामं असतात, तेव्हा आधी विचारून निघा. गाडी एक रात्र आमच्याकडे राहील अशी तयारी ठेवा. दुसऱ्या दिवशी चारही इंजेक्टरांचे बेंचचे आकडे आणि काढलेले जुने नोझल तुमच्या हातात मिळतील.