बाबांना स्क्रॅबलमध्ये गाठायला मी काय काय केलं

आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं झाली की सासरे, म्हणजे आमचे बाबा, स्क्रॅबलचा (अक्षरांच्या टाइल्स जोडून इंग्रजी शब्द करायचा खेळ) बोर्ड काढतात आणि मला हाक मारतात, कारण बाकी घरात कोणी त्यांच्याशी खेळायला तयारच नाही. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, बाबांनी ३५ वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं खरडली, त्यामुळे निकाल काय लागत असेल ते सांगायला नको. मोठे शब्द लावून हरवलं असतं तर काही वाटलं नसतं हो, पण हा माणूस दोन-दोन अक्षरांत मारतो. क्यू आणि आय, झाला शब्द. मी म्हटलं बाबा हा काय शब्द आहे का, तर म्हणे, "अगं, ची म्हणतात त्याला, चिनी लोकांची प्राणशक्ती, चालतं." बघितलं तर खरंच चालतं, आणि एकटा क्यू १० गुणांचा.

एका रविवारी माझ्याकडे आर, ई, टी, आय, एन, ए, एस अशा सात टाइल्स आल्या. सातही एका डावात लावल्या की ५० गुण वर मिळतात, मी पाच मिनिटं बघत बसले आणि शेवटी ट्रेन लावलं. बाबा नुसते हसले. मी टाइल्सचा फोटो काढून ठेवला होता, रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडला. (खेळ चालू असताना कधीच शोधत नाही, तेवढी लाज आहे.)

ऑनलाइन शोधून देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत, पण मला ते कसं शोधतात हे बघायचं होतं आणि ऑफिसात लॉग फायली चाळायला ग्रेप (फाइलमधल्या हव्या त्या ओळी शोधून देणारी कमांड) रोजच वापरते. मॅकमध्ये वर्ड्स नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आधीपासूनच पडलेली असते, ओळीला एक शब्द, सव्वादोन लाखांच्या वर. म्हटलं, ज्यात फक्त ही सात अक्षरं आहेत ते शब्द दे. धो धो शब्द आले, त्यात असॅसिन होता आणि एन्टरटेनरसुद्धा. अरे पण असॅसिनला चार एस लागतात, माझ्याकडे एकच! ग्रेपला मी "ही अक्षरं चालतील" एवढंच सांगितलं होतं, किती वेळा ते सांगितलंच नव्हतं.

मग उलटं केलं. आधी आर असलेले शब्द काढ, त्यातून ई असलेले, त्यातून टी, अशा एकाखाली एक चाळण्या लावल्या. आता सातही अक्षरं असलेले शब्द आले पण सोबत बी, सी, डी, वाट्टेल ते. इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की "ही अक्षरं असलेला शब्द" हे आपण एका दमात म्हणतो पण ते तीन वेगळे प्रश्न आहेत, फक्त हीच अक्षरं, निदान ही अक्षरं, आणि मोजून हीच अक्षरं. मला तिसरा हवा होता आणि मी दीड तास पहिल्या दोघांशी भांडत बसले होते.

तिसऱ्याची युक्ती इतकी सोपी आहे की रागच आला. शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची, बस. नॅस्टियरची लावली तर ए, ई, आय, एन, आर, एस, टी, रिटेन्सची लावली तरी तेच. म्हणजे प्रत्येक शब्दाची अशी एक किल्ली करून ठेवायची आणि आपल्या टाइल्सची किल्ली कुठे जुळते ते बघायचं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळी झाल्या. कमी अक्षरांचे शब्दही हवे असतील तर सात टाइल्समधून निवडायच्या १२७ पद्धती, तेवढ्या किल्ल्या तपासायच्या, कॉम्प्युटरला तेवढं म्हणजे चिल्लर.

चालवलं तर स्टेनर आला, स्टिअरिन आला, पण रिटेन्स नाही, नॅस्टियर नाही. कोड दहा वेळा तपासला. शेवटी कळलं की फाइलच १९३४ च्या वेबस्टर डिक्शनरीवरून केलेली, त्यात मूळ शब्द खच्चून आहेत पण एस लावलेली, ईआर लावलेली रूपं बहुतेक नाहीतच. मग स्क्रॅबलवाले वापरतात ती कॉलिन्सची यादी घेतली, २०१९ च्या आवृत्तीत २,७९,४९६ शब्द आहेत. आता धडाधड आले, त्यात रेट्सिना म्हणून एक ग्रीक वाइनही निघाली. आणि रेटिनाची सहा अक्षरं तर सोन्याची आहेत राव, ती हातात असताना सातवं सी आलं तर सर्टन, जी आलं तर ग्रॅनाइट, पी आलं तर पेंटर.

मग काय, चटकच लागली. क्यू आहे पण यू नाही असे शब्द काढले तर तलाक, फकीर आणि चक्क कव्वाली, बरोब्बर सात अक्षरांची! तीन ओ असलेले काढले, कारण माझ्याकडे ओ नेहमी झुंडीने येतात, तर यादीत मॉन्गूस दिसला, जो इंग्रजांनी आपल्याच मुंगुसावरून उचललाय. त्याच यादीत मॉन्सून होता, तो मी पाठ केला.

पाठ केलेलं फुकट गेलं नाही. दीड महिन्याने हातात एम, तीन ओ, एस, एन आणि बोर्डावर मोकळा एन. सहाच टाइल्स माझ्या, म्हणून ५० चा बोनस नाही, पण मॉन्सून लावला आणि ऐटीत बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "वा! छान गं." मग त्यांनीच शेवटी एक एस चिकटवून त्याचं मॉन्सून्स केलं, त्याच एसवरून खाली स्वतःचा शब्द लावला आणि दोन्ही शब्दांचे गुण घेऊन पाणी प्यायला आत गेले.