भाडेकरारावर माझं नाव

मागे एका बचत गटाच्या मेळाव्यात माझी ओळख करून देताना निवेदिकेनं सांगितलं, "या ताई तुरुंगातून आलेल्या महिलांना आधार देतात." शाल आली, नारळ आला, फोटोही झाला. खरं सांगायचं तर माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा आहे, आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, सुमारास हात कमी पडतात म्हणून मी बायका शोधत होते. त्यातली एक येरवड्याच्या महिला कारागृहातून सुटून आलेली निघाली. बाकीच्या तिला मावशी म्हणतात, म्हणून इथंही मावशीच.

तिनं काय केलं होतं ते मला माहीत आहे. इथं लिहिणार नाही. विचारणारे भरपूर भेटतात, त्यांना मी भाकरीचा भाव सांगते.

मावशी नोटाबंदीच्या आधी आत गेली आणि लॉकडाऊन सरल्यावर बाहेर आली. बहिणीकडे तिची जुनी ट्रंक होती. त्यात लुगड्याच्या घडीत पाचशेच्या जुन्या नोटा निघाल्या, मोजून आठ. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, बरं झालं, दहाच्या वर असत्या तर २०१७ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला असता. मावशी हसली नाही. नंतर दोन दिवसांनी भाकरी थापता थापता एकदम हसली आणि म्हणाली, "म्हंजे परत आत की वो!"

लोकांना वाटतं, अशा माणसाला धीर द्यावा लागतो, समुपदेशन लागतं. लागत असेलही. मावशीला आधी पत्ता लागला. आधारकार्डावर पत्ता सासरचा, आणि सासरचे दारात उभं करायला तयार नाहीत. मोबाइल नंबर जुना, सिम केव्हाच बंद पडलेलं. बँकेचं खातं इतकी वर्षं व्यवहार नाही म्हणून गोठलेलं. रेशनकार्डावरचं नाव दिरानं कमी केलेलं. खातं चालू करायचं तर आताच्या पत्त्याचा पुरावा आणा, पत्ता बदलायचा तर भाडेकरार आणा, आणि खोली बघायला गेलं की घरमालक पहिलं विचारणार, "आधी कुठं राहत होता?"

या प्रश्नाला मावशी खरं उत्तर द्यायची. दोन ठिकाणी खोली गेली. तिसऱ्या ठिकाणी मी सोबत गेले. मालक गृहस्थ सरळ होता, पण म्हणाला, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, उद्या काही झालं तर मी कुणाला धरू? मी म्हटलं, मला धरा. अकरा महिन्यांचा करार माझ्या आणि तिच्या अशा दोघींच्या नावानं केला, नोंदणीही केली. घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता. बँकेत माणसाचा जन्म गेला की जामीनदार हा शब्द त्याला शिवीसारखा ऐकू येतो.

करार हातात आल्यावर मात्र आधार, सिम, खातं असं एकेक हलत गेलं. रेशनकार्डाला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथं एकीनं सुचवलं म्हणून आम्ही कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. मी इतकी वर्षं कोर्टासमोरून रिक्षानं जाते, मला हे ठाऊक नव्हतं. महिला व बालविकास खात्याचे जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात, सुटून आलेल्यांना छोटा धंदा टाकायला अनुदान त्यांच्यामार्फत मिळतं, हे तर मावशीलाच आतून माहीत होतं.

कामाचं म्हणाल तर भाकरी तिला येतच होती. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीठ, गरम पाणी, पापुद्र्यासारखी पातळ थापायची आणि मग तव्यावर दाबून दाबून सगळा ओलावा काढायचा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. अडचण वेगळीच होती. पाणी प्यायला जायचं तरी विचारायची. "ताई, जाऊ का?" जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी नाव घेऊन सांगेपर्यंत बसून राहायची. संध्याकाळी पाचला तिला कडकडून भूक लागायची, कारण आत जेवण लवकर देऊन बराकी बंद करतात. मग आम्हीच पाचला चहासोबत भाकरीचे तुकडे आणि चटणी ठेवायला लागलो. आता सगळ्यांनाच ती सवय लागली आहे, आणि त्यात पीठ किती जातं ते मी मोजत नाही.

एसटीनं बहिणीकडे गेली तेव्हा कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. तिला वाटलं आपल्याला म्हातारी समजला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोघी बायका "तिच्या शेजारी बसणार नाही" म्हणाल्या. एक सोडून गेली. दुसरी अजून आहे आणि मावशीशी फक्त मिठाबद्दल बोलते. मी मध्ये पडत नाही.

आमची पार्सलं एसटी स्टँडवर नेणारा पोरगा आहे. त्याची गोष्ट मला जास्त टोचते, कारण त्याला शिक्षाच झालेली नाही. काही महिने कच्चा कैदी म्हणून आत होता, जामीन मंजूर झाला पण रक्कम भरायला घरात पैसे नव्हते. पुढे निर्दोष सुटला. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन जण असेच, खटला न संपलेले. गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम भरायची केंद्राची योजना २०२३ मध्ये आली, त्याच्या कामाला ती आली नाही. सुटल्यावर एका कारखान्यात टॉवेल पॅकिंगला लागणार होता. त्यांनी पत्ता विचारला. यानं सांगितलं, सेटलमेंट. मग चारित्र्य पडताळणी आणा म्हणाले, आणि नंतर फोन उचलला नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तेच सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. आज तिथं शिक्षक आहेत, नोकरदार आहेत, आणि तरीही पत्ता ऐकला की समोरचा माणूस खिसा चाचपतो. या पोराला शिक्षा नेमकी कशाची झाली म्हणायची?

मावशीचं आता बरं चाललंय. इतकं बरं की गेल्या आठवड्यात सगळ्या बायकांना घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ज्वारी महागली म्हणून तुम्ही पाकिटाचा भाव दोनदा वाढवला, थापणावळ तेवढीच कशी, म्हणाली. हिशेब एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून आणला होता. मिठाबद्दल बोलणारी बाईसुद्धा तिच्या मागेच उभी होती. मी म्हटलं, विचार करते. मावशी म्हणाली, "करा की, पण शनिवारपर्यंत करा."

पाहिलं तर हिशेब बरोबर होता. शेकडा दर वाढवला आहे, आणि दिवाळीपासून कडक भाकरीचं पाकीट पाच रुपयांनी महाग होईल. पुण्याच्या मंडळींनी त्यावरून मला फोन करू नये, मावशीचा नंबर देईन.