शून्य मिलिव्होल्ट

गेल्या सीझनची गोष्ट, जानेवारीतली थंडी, रात्री दोनला फोन. मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. पॅनलवरचा नवीन पोरगा घाबरलेला, "सर लवकर या की, चिमणीतनं काळा धूर सुटलाय आणि स्टीम पडालीय."

गेलो तर स्क्रीनवर धुरातला ऑक्सिजन 20.6 टक्के, म्हणजे जवळजवळ साध्या हवेएवढा! एरवी 5 च्या आसपास असतोय. पोराला वाटलं हवा जास्त झाली, म्हणून भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन कमी कमी करत आणलेला आणि तिकडं भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, नुसता धुमसालेला. बॉयलरवाले मामा तापलेले, "मी जाळ बघून सांगालोय हवा कमी पडालीय म्हणून, हा त्या डब्याकडं बघत बसलाय!" मामा भांडण मराठीत सुरू करतात, राग वाढला की कन्नडात जातात, त्या दिवशी पूर्ण कन्नडात होते. हवा आधी त्यांच्या अंदाजानं वाढवली.

मी पण शहाणा, बाहेरची हवा धुरात घुसतेय काय म्हणून धुराच्या डक्टला कुठं लिकेज आहे का शोधत तासभर घालवला. मग धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबच्या वायरी मोकळ्या करून मीटर लावला तर जवळजवळ शून्य मिलिव्होल्ट, तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

प्रोबमध्ये झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची, छोटी नळी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढे मिलिव्होल्ट जास्त. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना 1170 अंशांच्या खाली स्फटिकाची रचना बदलतो, फुगतो आणि तडकतो. त्यात 8 मोल टक्के इट्रिया (इट्रियम धातूचा ऑक्साइड) घातला की घन रचना टिकून राहते, वर दर दोन इट्रियम अणूंमागं ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते आणि त्या रिकाम्या जागांतनं ऑक्सिजनचे आयन उड्या मारत जातात, वीज वाहते ती अशी. (बायकोसाठी खडे बाजारातनं घेतलेल्या अमेरिकन डायमंडच्या कुड्या त्याच मालाच्या. तो 2700 अंशांना वितळतो, मग भांडं कसलं वापरणार, म्हणून पाण्यानं थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये त्याच्याच पावडरीची साल भांडं बनते आणि आत स्फटिक वाढतात.) पण उड्या मारायला 700 अंश तरी पाहिजेत, चिमणीकडच्या धुराची ऊब पुरत नाही, म्हणून प्रोबमध्येच हिटर असतो. थंड पडली की ती नळी नुसता दगड. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना हवा असली तरी शून्यच मिलिव्होल्ट येतात, त्यामुळं मेलेली नळी पण बिनधास्त सांगते, हवाच हवा आहे!

हिटर तपासला, ओपन, आतली तार तुटलेली. जळालेला. टेंपरेचर पडलं की बझर वाजायला पाहिजे होता, पण सारखा वाजतोय म्हणून आमच्यातल्याच कुणीतरी त्याची वायर काढून ठेवलेली.

नवा हिटर घातला, चहा घेत मीटरकडं बघत बसलो. 3, 11, 24, शेवटी 30 वर टेकला, स्क्रीनवर ऑक्सिजन 5. मामांनी भोकातनं जाळ बघितला आणि परत मराठीत आले, "पाचच असणार की, मला काय विचारालास?"

बझरची वायर मी स्वतः जोडली. चौथ्या दिवशी बघतो तर परत काढलेली.