ताई, बॅग ठेवायला जागा आहे का?

"ताई, दोन-तीन दिवस बॅग ठेवायला कुठे जागा आहे का?" रविवारी सकाळी फोनवर त्यानं एवढंच विचारलं. राहायला जागा नाही, असं ही मुलं सहसा सरळ सांगत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसोबत मी पुण्यात काम करते. कुणी बॅगेचं विचारलं की मी हातातलं काम तसंच टाकून निघते.

मुलगा एकोणीस वर्षांचा. आयटीआयचा फिटर, चाकणला कंत्राटावर कामाला. खोली ठेकेदाराचीच होती. सात महिने भरले, ब्रेक मिळाला, म्हणजे कंत्राट थांबवलं, आणि कामासोबत खोलीही गेली. मग मित्राच्या कॉटवर आळीपाळीनं झोपणं सुरू झालं. ते घरमालकाच्या लक्षात आलं. मी तळेगाव चौकात पोचले तेव्हा तो वडापावच्या गाडीपाशी उभा होता, पाठीवर बॅग. आज रात्री कुठे जाणार, विचारलं तर म्हणाला, "पुणे स्टेशन. तिथे मोबाईल पण चार्ज होतो."

ऐकून माझ्या पोटात गोळा आला. स्टेशनवर राहायला लागल्यावर पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. आमच्या एका मुलाचा तिथे झोपेतच मोबाईल गेला. ओटीपी येईना, म्हणून बँकेतले पैसे अडकले. कामासाठी कुणी फोन केला तरी तो लागणार कुठे? पुढे कागदांची पिशवीही गेली. अंगावर तेच कपडे, आंघोळ नाही; मजूर अड्ड्यावरही त्याला कुणी उचलेना. त्याला परत खोलीत आणायला कित्येक महिने गेले. त्यामुळे या मुलाला एक रात्रसुद्धा स्टेशनवर काढू द्यायची नाही, असं ठरवूनच आम्ही मोशीकडे निघालो.

तिथे कॉट बेसिसवर जागा असल्याचं कळलं होतं. खोलीत चार लोखंडी कॉट, तिघांचं सामान लागलेलं, खिडकीजवळची कॉट रिकामी. भाडं अडीच हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं. घरमालक काका नुकतेच जेवून ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं? आई-वडील काय करतात?"

मी बोलू शकले असते, पण मुद्दाम थांबले. हा प्रश्न त्याला जन्मभर कुणी ना कुणी विचारणार, आणि दर वेळी शेजारी मी नसणार. बालगृहात असतानाच आम्ही याची तयारी करून घेतो: एकानं घरमालक व्हायचं, दुसऱ्यानं भाडेकरू. त्यानं एकदा खाली पाहिलं आणि म्हणाला, "काका, मी संस्थेत वाढलोय. आई-वडील नाहीत. फिटर आहे. कागद सगळे आहेत."

"ते ठीक रे. पण उद्या काही झालं तर मी फोन कुणाला करायचा?"

प्रश्न रास्त होता. "मला करा," मी म्हणाले, नंबर दिला, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं कबूल केलं. त्यानं बॅगेतून प्लास्टिकची फाईल काढली. आधार, पॅन, पासबुक, पोलीस व्हेरिफिकेशनसाठी फोटो. काका चष्मा सावरत एकेक कागद पाहत होते. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर थांबले. "फिटर का? मी टेल्कोत टर्नर होतो." मग मशीनवरच्या कामाच्या गोष्टी निघाल्या, आणि शेवटी म्हणाले, "एका महिन्याचं डिपॉझिट दे आत्ता. बाकीचं पगार झाल्यावर."

डिपॉझिट, पहिलं भाडं आणि महिन्याची मेस मिळून आठ हजारांच्या आत भागलं. ते पैसे आम्ही अशाच वेळेसाठी राखून ठेवतो. पण पैशाइतकंच काम त्या फाईलनं केलं, आणि ती फाईल तो सोळा वर्षांचा असल्यापासून जमवत आणली होती. अनाथ प्रमाणपत्रही त्यातच आहे. महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी महिना 4,000 रुपये धरलेत, वयाच्या 21 वर्षांपर्यंत, गरज असल्यास 23 पर्यंत. मात्र केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असतो. दोन महिने फार थोडे आहेत. एवढ्यात कित्येकांच्या आधारवरची जन्मतारीखसुद्धा दुरुस्त होत नाही. बँकेत स्वतः जाऊन पैसे काढणं, भाड्याचे पैसे आधी बाजूला ठेवणं, मदत मागायला न लाजणं, हे तर त्याहून वेळखाऊ. सोळाव्या वर्षीच हे काम सुरू व्हायला हवं आणि प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या डिपॉझिटपुरता निधी तयार हवा, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते.

त्याला पुढे भोसरीत एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. पगार चाकणपेक्षा कमी आहे, पण नोकरी आणि खोली आता एकाच माणसाच्या हातात नाही. डिपॉझिटचा उरलेला हप्ता त्यानं स्वतः दिला. येत्या जूनमध्ये आमच्या ओळखीतली आणखी तीन मुलं अठराची होतील. त्यातल्या एकाचं आडनाव आधारवर अजून चुकलेलंच आहे. उद्या त्याला घेऊन आधार केंद्रावर जायचंय.