दोन केबीचा बॅकअप

कोपरखैरण्यात आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मी आणि माझा भाऊ दोघं मिळून बघतो. एपीएमसीतल्या, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातल्या, बऱ्याच गाळ्यांची कामं आमच्याकडे आहेत त्यामुळे पहाटे फोन येणं काही नवीन नाही, मार्केटचा दिवस रात्रीच सुरू होतो. पण २०२५ च्या दिवाळीनंतर एका मंगळवारी पावणेपाचला जो फोन आला ना, त्यात मेहताजींचा आवाज असा लागला होता की मी चहा न घेताच स्कूटी काढली.

कांदा-बटाटा मार्केटमधला गाळा. मेहताजी जुन्नरकडचे, साठी ओलांडलेले, त्या पेढीवर तीसेक वर्षं हिशोब लिहितायत, आधी वहीत आणि मग कॉम्प्युटरवर. आदल्या संध्याकाळी त्यांचा जुना पीसी गेला. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, उडाला, जळका वास आला, संपलं. शेठनी लगेच नवीन पीसी आणला, दुकानवाल्याने जोडून चालू करून दाखवला आणि तो निघून गेला. आता नवीन म्हणजे विंडोज ११, आणि मेहताजींचा हात सगळा विंडोज ७ वर बसलेला. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मधलं काहीच त्यांनी बघितलेलं नव्हतं, एकदम सातवरून अकरावर.

मी पोचले तेव्हा गाळ्यासमोर दोन गाड्या खाली होत होत्या, माथाडींची ये-जा चालू, कांद्याचा तो घशात बसणारा वास. मेहताजी स्क्रीनसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. मला बघून म्हणाले, "ताई, कोपऱ्यात स्टार्ट नाहीये."

मग त्यांनी करून दाखवलं. माउस डाव्या खालच्या कोपऱ्यात नेला, आणि तिकडून हवामान आणि बातम्यांचा मोठा पडदा उघडला. बंद केला. परत माउस तिकडेच नेला, परत तेच. विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण मधोमध असतं आणि कोपऱ्यात हवामान, पण पंधरा वर्षं ज्याचा हात कोपऱ्यात जातो तो कोपऱ्यातच जाणार. "मला हवामान नको हो, मला पट्टी काढायचीय," म्हणाले, आणि शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

पट्टी म्हणजे काय ते मार्केटबाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. शेतकऱ्याचा माल विकला की किती गोण्या, किती वजन, काय भाव, त्यातनं मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई वजा जाऊन हातात किती, हे सगळं ज्या कागदावर येतं तो कागद म्हणजे पट्टी. तो हातात पडल्याशिवाय शेतकरी गावी परत जात नाही. त्या दिवशी तिघं बाकड्यावर बसलेले होते, त्यातले एक मामा आदल्या दिवशी माल विकून रात्रभर तिथेच थांबलेले.

सगळ्यात आधी मी स्टार्ट डावीकडे नेलं. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंट लेफ्ट. अर्ध्या मिनिटाचं काम, पण मेहताजींचा खांदा तेवढ्यानेच थोडा खाली आला.

मग मी विचारलं, पट्टीचा प्रोग्रॅम कुठाय, सीडी वगैरे? सीडी कधी नव्हतीच. एका ओळखीच्याने व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये बनवून दिलेला होता, जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे व्यापाऱ्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा नियम केला तेव्हा पट्टीतला आडतीचा रकाना काढायला तो शेवटचा येऊन गेला, आता फोन लागत नाही. "पण बॅकअप आहे ना," मेहताजी एकदम उत्साहाने म्हणाले, "मी दर शनिवारी घेतो, एक पण चुकवलेला नाही." आणि ड्रॉवरमधनं औषधाच्या डबीत, रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला.

उघडला. तारखेनुसार फोल्डर, २०१९ पासूनचे, तीनशेच्या वर. इतकं नीट मी मोठ्या ऑफिसांत पण बघितलेलं नाही. शेवटच्या शनिवारचा फोल्डर उघडला, आत एकच आयकॉन, नाव पट्टी, खाली डाव्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. साइज दोन केबी.

पोटात गोळा आला. एकेक करत मागचे वीसेक फोल्डर उघडले, सगळीकडे तेच, दोन केबी, दोन केबी. म्हणजे डेस्कटॉपवरचा आयकॉन ते दर शनिवारी कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकत होते. तो प्रोग्रॅम नव्हता, डेटा नव्हता, नुसता शॉर्टकट होता. आणि यात त्यांची चूक मी मानत नाही. शॉर्टकटच्या फाइलचं शेपूट डॉट एलएनके असतं पण विंडोज ते कधीच दाखवत नाही, एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू केलं तरी दाखवत नाही, माणसाला दिसतं ते फक्त चित्र आणि खाली नाव. वरून जुन्या मशीनवर पेनड्राइव्हमधला तोच आयकॉन उघडून बघितला की प्रोग्रॅम चालू व्हायचा सुद्धा! कारण खरा माल त्याच मशीनमध्ये होता. म्हणजे तपासून बघणाऱ्यालाही बॅकअप बरोबर आहे असंच वाटणार. खरं तर हे मला आधी बघायला हवं होतं. दोन वर्षं आम्ही त्या गाळ्याचं काम करतोय आणि तो पेनड्राइव्ह मी एकदाही उघडून बघितला नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांनी रात्री पण हे उघडून बघितलेलं. शॉर्टकटचा मूळ प्रोग्रॅम जागेवर नसला की विंडोज सांगतं की वस्तू हलवली किंवा बदलली आहे आणि वर विचारतं, हा शॉर्टकट डिलीट करू का. घाबरून त्यांनी दोन जुन्या फोल्डरांत यस दाबलेलं. दोन आठवडे गेले असं त्यांना वाटत होतं.

कसं सांगायचं कळेना. मग म्हटलं, "मेहताजी, ड्रायव्हरला तुम्ही चिठ्ठी देता ना, अमक्या गल्लीत तमक्या नंबरचा गाळा, तशी ही चिठ्ठी आहे. माल गाळ्यात असतो, चिठ्ठीत नसतो." त्यांना लगेच कळलं, इतकं लगेच की मला वाटलं अजून थोडं हळू सांगायला हवं होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं मी चिठ्ठ्या जमवल्या."

पण चिठ्ठीवर पत्ता तर असतो! शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे टार्गेटच्या चौकटीत पूर्ण रस्ता लिहिलेला होता, डी ड्राइव्ह, पट्टी फोल्डर, आत पट्टी डॉट ईएक्सई. एसएमपीएस जळला म्हणून हार्डडिस्क जळते असं नाही, बहुतेक वेळा ती वाचते. जुना डबा टेबलाखालीच होता. मी बाजूचं कव्हर काढलं, आत कांद्याच्या सालीचा थर, डिस्क काढली, अडॅप्टरवाली सॅटा टू यूएसबी केबल माझ्या बॅगेत असतेच.

लावायच्या आधी एक काम केलं. नवीन मशीनला एकच सी ड्राइव्ह होता आणि पेनड्राइव्ह लावल्यावर त्यालाच डी अक्षर मिळत होतं. असले जुने प्रोग्रॅम आतमध्ये डी असं पक्कं लिहून ठेवतात, दुसऱ्या अक्षरावर टाकले की डेटा सापडत नाही म्हणून रडतात. तर पेनड्राइव्ह काढला, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी थोडा श्रिंक, म्हणजे लहान, केला आणि मोकळ्या जागेत नवा डी बनवला. मग जुनी डिस्क जोडली.

फिरायचा आवाज आला. मेहताजींनी आवाज ऐकला आणि उठून उभे राहिले. दहा-बारा सेकंद काहीच नाही, मग ई आणि एफ दिसले. एफमध्ये पट्टी फोल्डर. आत दरवर्षीचा वेगळा फोल्डर, डीबीएफ फाइल्स म्हणजे खरा डेटा, आणि प्रोग्रॅम चालायला लागणारी फॉक्सप्रोच्या रनटाइमची डीएलएल फाइल पण तिथेच शेजारी. सगळं मिळून १८४ एमबी. कॉपी व्हायला किती लागला असेल, मिनिटभर, पण तो हिरवा पट्टा सरकताना आम्ही दोघं श्वास धरून उभे होतो.

कॉपी झाल्यावर मी मुद्दाम त्यांचाच पेनड्राइव्ह परत लावला, त्यांच्याच शेवटच्या शनिवारचा फोल्डर उघडला आणि माउस त्यांच्या हातात दिला. म्हटलं, करा डबल क्लिक. उघडला! तीच निळी स्क्रीन, वरती पेढीचं नाव. पत्ता तोच, गाळ्यात माल परत आलेला. प्रोग्रॅम ३२ बिटचा होता म्हणून जमलं, त्याच्या आधीचा डॉसच्या जमान्यातला १६ बिटचा असता तर विंडोज ११ वर नुसता चाललाच नसता, कारण ही विंडोज फक्त ६४ बिटमध्ये येते.

प्रिंटरला यूएसबी होतं, ते एक बरं झालं. पावणेसातला मामांची पट्टी कर्र कर्र करत बाहेर आली. मामांनी ती उजेडात धरून दोनदा वाचली, चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चहा घेतला का पोरी?"

चहा आला, मग उरलेलं काम. मेहताजी प्रोग्रॅमच्या नावाने काहीच ओळखत नाहीत, जागेने ओळखतात. मी विचारलं जुन्या डेस्कटॉपवर काय काय होतं, तर त्यांनी एका कोऱ्या पट्टीच्या पाठीवर चौकट काढली आणि न अडखळता घरं भरली, डावीकडे वरून पहिलं माय कॉम्प्युटर, मग पट्टी, मग एक्सेल, खाली कॅल्क्युलेटर, आणि उजव्या कोपऱ्यात एकटा नातवाच्या फोटोंचा फोल्डर. मी तो कागद स्क्रीनला टेकवून ठेवला आणि तसंच मांडलं. माय कॉम्प्युटर आता धिस पीसी झालंय आणि डेस्कटॉपवर आपोआप येत नाही, थीम्समधल्या डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्जमधून आणावं लागतं. पट्टीच्या ईएक्सईवर राइट क्लिक केलं तर छोटा मेनू येतो, त्यात शो मोअर ऑप्शन्स, मग सेंड टू, मग डेस्कटॉप. कॅल्क्युलेटरसारख्यांना ईएक्सई शोधत बसायचं नाही, विंडोज आणि आर दाबून शेल कोलन ॲप्सफोल्डर टाइप केलं की मशीनमधली सगळी ॲप्स एका खिडकीत येतात, तिथून ओढून डेस्कटॉपवर सोडलं की शॉर्टकट तयार. शेवटी ऑटो अरेंज बंद केलं, नाहीतर फोटोंचा फोल्डर डावीकडच्या रांगेत जाऊन बसला असता.

स्टार्टमध्ये शोधून पट्टी का येत नाही तेही कळलं, तो प्रोग्रॅम कधी इन्स्टॉल झालेलाच नव्हता, नुसता फोल्डर होता. एक शॉर्टकट स्टार्ट मेनूच्या प्रोग्रॅम्स फोल्डरमध्ये टाकला आणि शोधल्यावर यायला लागला. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की दिली, कंट्रोल ऑल्ट पी. ती मेहताजींनी चार वेळा दाबून बघितली.

मग बॅकअप. डेस्कटॉपवर डीमधल्या पट्टी फोल्डरचाच शॉर्टकट ठेवला आणि त्यांना शिकवलं की हा उघडायचा, आत जाऊन सगळं सिलेक्ट करायचं, ते कॉपी करायचं, आणि पेनड्राइव्हवर गेल्यावर राइट क्लिक करून साइज वाचायची. बाणवालं चित्र न्यायचं नाही. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि साइजला लाल पेनने गोल केला.

त्या शनिवारी संध्याकाळी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही, थेट "एकशे पंच्याऐंशी एमबी" म्हणाले. मी म्हटलं बरोबर. आता दर शनिवारी येतो तो फोन. मी दुकानात नसले तर भाऊ घेतो आणि आकडा काउंटरवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतो.