तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीनेच का?

पाहुणे आले की पहिल्याच चहाला हा प्रश्न येतो. "स्नेकला गाडीने जाता येतं ना? मग बोटीत आठवडा का घालवता?" आणि पाठोपाठ, जरा आवाज उतरवून: "तुम्हाला बोट चालवता येते?" स्नेक म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतातलं, कालव्यांवरचं गाव.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. येत नव्हती. मी मिरजेची, माझा पाण्याशी संबंध कृष्णेच्या घाटापुरता. पण नेदरलँड्समध्ये बोटीची लांबी १५ मीटरपेक्षा कमी असेल आणि ती ताशी २० किलोमीटरपेक्षा जोरात पळू शकत नसेल, तर परवाना लागत नाही. भाड्याने देणाऱ्याने अर्धा तास सगळं दाखवलं आणि किल्ली हातात ठेवली. किल्लीला कॉर्कचा गोळा होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. तो गोळा बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

बोटीला ब्रेक नसतो. उलटा गिअर टाकायचा, तोच ब्रेक. आणि मागे जाताना सुकाणू तुमचं फारसं ऐकत नाही. पहिल्या दिवशी पूल उघडायची वाट बघत थांबलो, तर वाऱ्याने आमची नऊ मीटरची पोलादी बोट आडवी करून एकाच्या बागेला नेऊन टेकवली. बागेतले आजोबा हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता उठले, पायाने बोट ढकलली आणि परत जाऊन बसले. हे त्यांच्या रोजच्यातलं असावं.

पुलांचं गणित मात्र पटकन जमतं. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे उघडतोय, हिरवा म्हणजे निघा. एकावर एक दोन लाल दिसले, तर पूल सध्या बंद; मग नांगर विसरा, बोट काठाला बांधा आणि पोळी-भाजीचा डबा उघडा. फ्रीसलँडमध्ये काही ठिकाणी पूलवाला गळाच्या काठीला लाकडी जोडा टांगून तुमच्यासमोर झुलवतो. चालत्या बोटीतून त्यात टोलची नाणी टाकायची. माझं पहिलं नाणं पाण्यात गेलं.

आता पहिला प्रश्न. गाडीने स्नेकला गेलात तर आधी पेट्रोल पंप लागतो, मग फर्निचरची दुकानं, मग पार्किंगची शोधाशोध. म्हणजे गावात परसदाराने शिरायचं. पाण्याने गेलात की समोर वाटरपोर्ट उभी असते: दोन अष्टकोनी मनोरे, मध्ये कमानी. १६१३ साली बांधलेली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या सतरा वर्षं आधीची. ही गावाची वेस आहे, फक्त तिच्याखालून रस्त्याऐवजी पाणी जातं. तटबंदी गेली, वेस राहिली. ही गावं पाण्याकडे तोंड करून बसलेली आहेत, हे मला तिच्यासमोर बोट बांधून चहा पिताना कळलं. त्याआधी दोनदा गाडीने येऊन गेले होते, तेव्हा नाही कळलं.

सतराव्या शतकात इथे घोड्याने ओढायच्या प्रवासी बोटी वेळापत्रकाने धावत. काठावरून घोडा चालायचा, मागे दोरीला बोट. वेग साधारण ताशी सात किलोमीटर. आमचाही जवळपास तेवढाच. त्यामुळे एक गाव मागे पडून पुढच्याचं चर्चचं टोक दिसेपर्यंत जितका वेळ तेव्हा लागायचा, तितकाच आम्हालाही लागतो. मध्ये गायी, बगळे, आणि मुलांचं "आलं का?"

आयल्स्टमध्ये घर रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याची बाग दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या काठी. पुढे स्लोटन, एवढंसं, की भात कुकरला लावून गावाला चक्कर मारून यावं. फ्रीसलँडची अशी अकरा शहरं. हिवाळ्यात कालवे गोठले तर त्यांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. शेवटची ४ जानेवारी १९९७ला झाली. तेव्हापासून पुरेसं जाड बर्फच धरलेलं नाही, तरी लोक दर थंडीत आशेने बर्फाची जाडी विचारत असतात.

या अकरांतल्या हिंडेलोपनचं मात्र मला कबूल करायला हवं. ते आयसलमेर नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठावर आहे, आणि आमच्या करारात त्या मोठ्या पाण्यात बोट न्यायला बंदी होती. म्हणून जवळच्या वर्कम गावी बोट बांधली आणि सायकलने गेलो. तिथल्या संग्रहालयात बायकांचे जुने लांब अंगरखे आहेत, फुलाफुलांच्या भारतीय सुती कापडाचे. कोरोमंडल किनाऱ्यावरून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ते अ‍ॅमस्टरडॅमला यायचं आणि तिथून हिंडेलोपनच्या खलाशांच्या घरी. डच लोक त्याला 'सिट्स' म्हणतात. शब्द 'छींट'वरून आलेला, आपलं चीट. कापड पाण्याने आलं आणि मी मागून, सायकलवरून.

फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं: "अगं, हे तर आपल्या जुन्या गोधडीचं अस्तर."