देवाचा शिणवटा आणि नागपूरची दुपार

आषाढी वारी जवळ आली की पंढरपूरच्या मंदिरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. लाखो माणसे पायी चालत येणार असतात. त्यांना कोणत्याही वेळी दर्शन मिळावे म्हणून शेजारती थांबते आणि देव रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा उलगडल्यावर प्रक्षाळपूजा होते. इतके दिवस उभ्या राहिलेल्या देवाच्या पायांना लिंबू आणि साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून औषधी काढा देतात. मग पलंग पुन्हा जागेवर येतो आणि रोजचे उपचार सुरू होतात. ज्या परंपरेने साक्षात विठोबाला थकू दिले आणि त्याच्या विश्रांतीचा विधी बसवला, त्याच परंपरेत वाढलेल्या आम्ही बायका मात्र दुपारी घटकाभर आडव्या झालो, तर दाराची कडी वाजताच पदर सावरत उठतो आणि आलेल्या माणसाला आधी सांगतो, की झोपले नव्हते, जरा पाठ टेकली होती. हे सांगावेसे वाटणे मला फार दिवसांपासून खटकते आहे.

विश्रांतीविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. कार्यालयातल्या शिबिरांतही तो विषय असतो, आणि तिथे नेहमी एकच कारण पुढे केले जाते, की नीट झोपलात तर उद्या जास्त काम होईल. हे खरे असेलही, पण मला ते पुरेसे वाटत नाही, कारण त्यात विसाव्याची किंमत शेवटी कामानेच ठरते. विठ्ठलाला काढा देताना उद्या त्याने अधिक भक्तांना भेटावे असा हिशेब कोणी करत नाही. तो शिणला आहे, आपला आहे, म्हणून त्याला निजवायचे असते. स्वतःच्या देहाकडे त्याच मायेने पाहणे ही मला उपासना वाटते, आणि घर नीट लावण्याची सुरुवात मी त्या मायेपासून करते.

आमच्या विदर्भात ही माया बैलाच्या वाट्यालाही येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी किंवा तूप लावून चोळतात, आणि मग त्यांच्या कानाशी जाऊन सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. माझे माहेर शेतकऱ्याचे असल्याने हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आजोबा खांदा चोळताना बोलत नसत. अंगठा घट्ट्यावर फिरवत ते बराच वेळ उभे राहत, आणि बैल हळूहळू मान खाली सोडत असे. नागपुरात दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन फिरणारी मुले आणि त्यांना मिळणारा खाऊ यांचे कौतुक जास्त होते आणि ते व्हावेही. पण आदल्या संध्याकाळची खांदशेकणी मला अधिक मोलाची वाटते, कारण तीत राबणाऱ्या जिवाच्या नेमक्या दुखऱ्या जागेला हात लावला जातो.

आता घराकडे येते. पुस्तकांत आणि मोबाइलवर दिसणारी सुखाची घरे बहुधा थंड प्रदेशातली असतात. त्यांत लोकरीचे पांघरूण असते, मेणबत्त्या असतात, वाफाळता पेला असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या शहराला त्या चित्राचा काही उपयोग नाही. नागपुरातले सुखाचे घर म्हणजे अंधारलेले, ओलसर वासाचे, गार घर. त्याची तयारी एप्रिल लागला की सुरू होते. रस्त्याच्या कडेला खस आणि कूलरच्या ताट्या विकणारे बसू लागले, की आम्ही लोखंडी कूलर धुऊनपुसून खिडकीशी लावतो, पंपाची नळी साफ करतो आणि तिन्ही बाजूंच्या ताट्या बदलतो. नव्या खसवर पहिल्यांदा पाणी सोडले की ते तांबूस होऊन टाकीत उतरते आणि घरभर जो वास पसरतो, त्या वासाबरोबर आमच्या घरातल्या सगळ्यांचे आवाज खाली येतात. ओल्या ताटीतून कोरडी हवा आत ओढली जाते, ताटीतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जात असल्याने हवा गार होते, म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर इतका छान चालतो. मात्र समोरचे दार किंवा दुसरी एखादी खिडकी किलकिली ठेवावी लागते, नाहीतर ओलावा आतच कोंडतो आणि अंग चिकचिक करते. पाहुणे मदत म्हणून ती खिडकी लावून घेतात; त्यांना हे आवर्जून सांगावे लागते.

गच्चीला आम्ही चुना मारतो. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब कमी तापतो आणि रात्री छतातून उतरणारी धग कमी होते. सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या बंद होतात, पश्चिमेच्या खिडकीवर जाड सुती पडदे पडतात आणि रात्री बाहेरची हवा निवल्यावर सगळे पुन्हा उघडले जाते. माठ स्वयंपाकघरातून काढून बैठकीच्या कोपऱ्यात, जाता येता हाताला येईल असा ठेवला जातो. यात विकत घेण्यासारखे फारसे काही नाही. खोली विसाव्याजोगी करण्यासाठी मी तर बहुतेक वस्तू बाहेरच काढल्या. इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि कार्यालयाच्या फायली झोपायच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, एवढा एकच नियम केला, आणि पडल्या पडल्या नजरेला उरलेले काम दिसणे बंद झाले. माझ्या मते घर सजवण्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

सुटीच्या दिवशी आमचे घर दुपारी अडीच ते साडेतीन बंद असते. त्या तासात कोणी कोणाला हाक मारत नाही, चहा मागत नाही, फोनवर बोलत नाही. सासूबाईंनी सुरुवातीला विचारले, की कोणी आले तर काय वाटेल. मी त्यांना म्हटले, “आई, मंदिरसुद्धा दुपारी बंद असतेच ना.” त्या हसल्या, आणि आता अडीच वाजले की त्याच सगळ्यांना गप्प करतात.

या तासाची खरी गरज मला गेल्या वर्षी कळली. माझी आई गेली, तेरवी झाली, पाहुणे परतले, मी कामावर रुजू झाले, आणि त्यानंतर अंगात अशी झोप भरून राहिली, की घरी असले की दुपारी डोळे उघडे ठेवणे कठीण व्हावे. जवळच्या माणसांनी प्रेमाने सांगितले, की कामात गुंतवून घे, म्हणजे आठवण येणार नाही. मला मात्र गुंतायचे नव्हते. त्याच दिवसांत एका वैद्यबाईंशी बोलताना त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दिवसाच्या झोपेविषयीचा भाग मला वाचून दाखवला. चरकांनी आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराचा आधार म्हटले आहे, हे मला ठाऊक होते, आणि दिवसा झोपणे ते एरवी योग्य मानत नाहीत, हेही ठाऊक होते. पण त्यांनी अपवादही सांगितले आहेत. ग्रीष्मात रात्री लहान असतात आणि वात वाढतो, म्हणून त्या ऋतूत दिवसा झोपावे असे ते म्हणतात. त्याशिवाय काही माणसांना त्यांनी कोणत्याही ऋतूत ही मोकळीक दिली आहे. ओझे वाहून आणि वाट चालून शिणलेले, म्हातारे, लहान मुले, आजारी, रात्री जागलेले, आणि क्रोधाने, शोकाने किंवा भयाने थकलेले. शोकाने थकलेला माणूस त्या यादीत आहे, हे ऐकून मी वैद्यबाईंसमोरच रडले. दुःखाने देह थकतो आणि त्याला झोप लागते, ही साधी गोष्ट कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी ओळखून लिहून ठेवली होती आणि त्याला आळस म्हटले नव्हते. त्या उन्हाळ्यात आईच्या सुती पातळांची मी गोधडी शिवायला घेतली. धावदोरा घालताना एका पातळाच्या काठाजवळ आईने केलेले रफू सापडले. ते झाकायचे नाही असे ठरवून मी तो भाग वरच्या पदरात घेतला. दुपारी झोपताना माझा हात बहुधा तिथेच असतो.

झोपेलाच आध्यात्मिक म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. पण त्याच श्लोकात सतत जागणाऱ्यालाही तो साधत नाही असेही आहे, आणि आम्ही उपदेश करताना बहुधा पहिलाच भाग सांगतो. लोळत राहून दिवस घालवण्याने मन जड होते, हा माझाही अनुभव आहे. त्या जडपणात आणि विसाव्यात फरक कसा ओळखावा, तर विसाव्यातून उठल्यावर माणसांवर चिडचिड कमी होते. यापेक्षा वेगळी खूण मला सापडलेली नाही.

रात्रीसाठी आमच्या घरात शेजारती आहे. देवघरातली समई शांत करण्यापूर्वी सासूबाई बाळकृष्णाला छोट्या गादीवर निजवतात आणि अंगावर चौकोनी मऊ कापड पांघरतात. हे आमच्याकडे पूर्वीपासून होते. आम्ही त्याला एवढेच जोडले, की देव निजल्यावर घरात पैशांचा, परीक्षेच्या गुणांचा किंवा नातेवाइकांच्या तक्रारींचा विषय काढायचा नाही, मोठे दिवे मालवायचे आणि सगळ्यांचे फोन देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. अंधार पडला की शरीरात झोप आणणारे मेलाटोनिन वाढू लागते आणि उजेडाने ते दबते, हे मुलीने तिच्या जीवशास्त्राच्या अभ्यासातून सांगितले, तेव्हा सासूबाईंना फार आनंद झाला. मुलगी फोन ठेवताना अजूनही कुरकुर करते. तिची कुरकुर मला मान्य आहे, कारण तिच्या मैत्रिणी त्याच वेळी बोलत असतात. म्हणून शनिवारी तिला सूट आहे.

हिवाळ्यात हे सगळे उलटे होते. नागपूरची थंडी १० अंशांच्या खालीही उतरते, मग पडदे सकाळीच उघडायचे आणि बाल्कनीतल्या उन्हात सतरंजी टाकून संत्री सोलत बसायचे. पावसाळ्यात कूलर कामाचा राहत नाही, कारण हवाच ओली असते. पण पावसाळ्याची आपली शिकवण आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्ध भिक्खू वर्षावासासाठी एका ठिकाणी राहतात, फिरणे थांबवतात. आमच्या शेजारच्या ताई त्या तीन महिन्यांत पांढरे पातळ नेसून संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जातात. वर्षातला काही काळ ठरवून एका जागी थांबावे, ही गोष्ट त्यांच्याकडून मी घेतली आणि त्या महिन्यांत प्रवास, समारंभ, खरेदी यांची आमंत्रणे शक्य तितकी नाकारते. वाईट वाटणाऱ्यांना कारण स्पष्ट सांगते, म्हणजे गैरसमज राहत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न मला टाळता येत नाही. माझी दुपार गार होते तेव्हा कोणाची तरी तापत असते. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी पूर्वी तीनच्या सुमारास येत, कारण आमची जेवणाची भांडी तेव्हा मोकळी होत. मे महिन्यातल्या तीन वाजता त्या डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून चार घरे करत फिरत होत्या, आणि मी विसाव्याला उपासना म्हणत होते. हे दोन्ही एका घरात राहू शकत नाही. त्यांच्याशी बोलून आम्ही वेळ बदलली. आता त्या सकाळी साडेसातला येतात, आदल्या रात्रीची आणि न्याहारीची भांडी करतात, दुपारची भांडी आम्ही आमची घासतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो, त्या नऊ दिवसांत त्यांना सुटी असते आणि पगार पूर्ण असतो. बाकीच्या तीन घरांपैकी दोघींनी वेळ बदलायला होकार दिला आहे. तिसऱ्या घरी मी आणि मावशी येत्या रविवारी बोलायला जाणार आहोत.